एकाच मेजाभोवती

(रविवार सकाळ. सोलापुरातलं एक चर्च.)

दारात ‘सलाम, पाळकसाहेब’ म्हणत माणसं आत येतात. पेटी-तबला लागलेला असतो. नारायण वामन टिळकांचं गीत सुरू होतं आणि सगळी मंडळी उभी राहते. बाजारात तेलुगू-कानडी बोलणारेही इथं मराठीतच गातात.

सोलापुरात ख्रिस्ती मंडळी रुजली ती मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून. या मिशनची परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे बिशप नाही, निर्णय मंडळीचा. इंग्लंडच्या चर्चमधून आलेल्या अँग्लिकन परंपरेचा कणा वेगळा: बिशप, प्रार्थनापुस्तक, ठरलेला उपासनाक्रम. या दोघांनी एका छपराखाली, एकच चर्च म्हणून यायचं, तेही बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि मेथॉडिस्ट या इतर प्रॉटेस्टंट भावंडांसह! बोलणी 1929 मध्ये सुरू झाली आणि चाळीस वर्षं चालली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली.

सगळ्यांत नाजूक प्रश्न पाळकांचा. ज्याला बिशपच्या हातून दीक्षा मिळालेली नाही, त्याला अँग्लिकनांनी पूर्ण पाळक मानायचं का? ‘दीक्षा पुन्हा घ्या’ म्हटलं असतं, तर गावोगाव भर उन्हात फिरून सेवा केलेल्या माणसांचा तो अपमान झाला असता. मग वाट निघाली. सगळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवायचे आणि ज्याला जे हवं ते देवानं द्यावं, अशी प्रार्थना करायची. कोण कमी, कोण पूर्ण, याचा निवाडा माणसांनी करायचाच नाही. आपल्या चर्चच्या इतिहासात मला याहून मोठी गोष्ट दिसत नाही.

बाप्तिस्म्याचंही तसंच. कुणी तान्ह्या बाळाचा करतं, कुणी बाळाचं समर्पण करून बाप्तिस्म्यासाठी ते मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल करेपर्यंत थांबतं. दोन्ही रीती राहिल्या.

मेथॉडिस्टांपैकी अमेरिकन परंपरेचं चर्च अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिलं. त्यांचा निर्णय त्यांचा. प्रार्थनेत ते आजही आपले बंधू.

(प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीची तयारी.)

एकीचा खरा कस मात्र नागपुरात नाही, स्थानिक मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या बैठकीत लागतो. निवडणूक येते, हिशोबावरून आवाज चढतात, दोन घरांचं बोलणं बंद होतं. मग रविवारी प्रभुभोजनाआधी शांतीचं अभिवादन येतं. दोन्ही हातांत समोरच्याचा हात घ्यायचा ही रीत दक्षिण भारताच्या एकत्रित चर्चनं 1950 च्या उपासनाक्रमात आणली आणि पुढे ती जगभरच्या चर्चनी उचलली. ज्याच्याशी अबोला, तो नेमका शेजारच्याच बाकावर असतो. काही जण हात पुढे करतात, काहींना अजून वेळ लागतो, आणि मंडळी त्यांच्यासाठी थांबते.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आज जागतिक अँग्लिकन परिवाराचं पूर्ण सभासद आहे. त्या परिवारात सध्या फुटीची भाषा वाढते आहे. जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेत आपले बिशप बसतात, तेव्हा त्यांच्या पाठीशी सहा परंपरांचा संसार असतो. तो कसा चालवला, हे त्यांनी तिथं मोकळेपणानं सांगावं.