गळाची दोरी आणि तिची गाठ

(सोलापुरातील हौशी गळकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सूत म्हणजे काय, धाग्याची जाडी सांगणारा काउंट कसा मोजतात, डेनियर कशाला म्हणतात, हे सोलापुरात समजावून सांगावं लागत नाही. गिरणीत किंवा यंत्रमागावर काम केलेलं कुणी ना कुणी इथे बहुतेकांच्या घरात आहे. म्हणून मी थेट मुद्द्यावर येतो.

मोठा मासा सुटला की आपण म्हणतो, दोरी कच्ची निघाली. पण पुढच्या वेळी दोरी रिकामी हातात आली, तर तिचं टोक आधी नीट बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर दोरी तुटलेलीच नाही, गाठ सरकून उकललेली आहे. टोक आखूड आणि सरळ कापल्यासारखं असेल, तर दोरी गाठीच्या तोंडाशी तुटली. आणि टोक खरबरीत, पांढरट, शेवटचा हातभर भाग बोटाला टोचणारा असेल, तर पाण्याखाली कशाला तरी घासून गेली. चांगल्या अवस्थेतली दोरी मधेच तुटल्याचं फार कमी वेळा दिसतं. तरीही दुकानात आपण दोरीवर दहा प्रश्न विचारतो आणि गाठ मात्र लहानपणी कुणीतरी दाखवली तीच मारतो. आज मला हे उलटं करायचं आहे.

तरी दोरीचं आधी बोलू, कारण गाठ दोरीप्रमाणे बदलते.

आपल्याकडे ज्याला सरसकट तंगूस म्हणतात ती नायलॉनची एकेरी तार. डू पॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने १९३५ मध्ये नायलॉन तयार केलं आणि १९३८ मध्ये ते बाजारात आलं, तेही पहिल्यांदा दात घासायच्या ब्रशचे केस म्हणून. त्याआधी गळाला रेशमाची, जवसाच्या धाग्याची नाहीतर सुताची दोरी असायची. घरी आल्यावर ती उलगडून वाळवावी लागे, नाहीतर कुजायची. नायलॉन कुजत नाही, म्हणून आपण समजतो की त्याला काहीच होत नाही. हा समज सोडा. नायलॉन पाणी पितं. भिजल्यावर त्याची ताकद साधारण दहा टक्के किंवा त्याहून जास्त उतरते. आणि उन्हातले अतिनील किरण त्याला आतून ठिसूळ करतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो. गाडीच्या डिकीत, पत्र्याच्या खोलीत, गच्चीवर पडलेलं रीळ पुढच्या हंगामात नवं दिसेल, पण नवं नसेल. रीळ कापडी पिशवीत, अंधाऱ्या कपाटात ठेवा. जी दोरी नियमित वापरता ती वर्षातून एकदा बदला. पैसे वाचवायचे असतील तर सगळी काढू नका, फक्त वरची पन्नास-साठ मीटर बदला. झिजते तीच.

आता जाडी. पुडक्यावर दोन आकडे असतात, एक मिलिमीटरचा आणि एक किलोचा. मिलिमीटरवर विश्वास ठेवा, किलोवर जपून. ताकद दोरीच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, म्हणजे व्यासाच्या वर्गावर. ०.२० ची दोरी सोडून ०.४० ची घेतली तर ताकद दुप्पट नाही, चौपट होते. ०.२५ वरून ०.३० वर गेलात तरी सुमारे दीडपट होते. चांगल्या प्रतीचं ०.३० चं नायलॉन साधारण सहा किलोच्या आसपास तुटतं. त्याच जाडीच्या स्वस्त पुडक्यावर पंधरा किलो छापलेलं दिसलं, तर दोनपैकी एक आकडा खोटा आहे: एक तर ताकद तेवढी नाही, नाहीतर दोरी लिहिल्यापेक्षा जाड आहे. हत्यारांच्या दुकानात बारीक जाडी मोजणारा मायक्रोमीटर मिळतो. चार मित्रांत मिळून एक घ्या. आंतरराष्ट्रीय विक्रमांची नोंद ठेवणारी आयजीएफए ही संस्था दोरी ओली करून तोडून बघते, कोरडी नाही. घरी तपासताना तुम्हीही तसंच करा.

दुसरी विणलेली दोरी, ज्याला दुकानदार ब्रेड म्हणतात. ही पॉलिइथिलीनची असते, पण पिशवीच्या पॉलिइथिलीनसारखी नाही. तिचे रेणू फार लांब असतात आणि ओढून एका दिशेत बसवलेले असतात. डायनीमा, स्पेक्ट्रा ही त्याच धाग्याची व्यापारी नावं तुम्ही ऐकली असतील. नायलॉनच्या निम्म्या जाडीत ती तेवढंच वजन पेलते, पाण्यावर तरंगते आणि जवळजवळ ताणली जात नाही. जपानी रिळांवर पीई १, पीई २ असे आकडे असतात. पीई १ म्हणजे २०० डेनियर. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये किती, हा डेनियरचा हिशेब इथल्या मागवाल्यांना पाठ आहे, तेव्हा ही दोरी तुम्हाला इतर कुणाही पेक्षा लवकर समजेल.

पण तिचे दोन दोष ध्यानात ठेवा. ती गुळगुळीत आहे, म्हणून साधी गाठ तिच्यावर टिकत नाही. आणि दगडावर घासली की तिचे बारीक तंतू पटापट तुटतात. जे बाटलीला किंवा लाकडी फळीला दोरी गुंडाळून हातानेच गळ टाकतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की विणलेली दोरी वापरू नका. पाच किलोचा कटला मासा धावला तर ती बोटाचं मांस कापेल. हातदोरीला नायलॉनच हवं. नायलॉन ताणलं जातं आणि माशाचा हिसका त्यातच विरतो.

तिसरी फ्लोरोकार्बन. पाण्यात कमी दिसते, पाणी पीत नाही, जड असल्याने बुडते, आणि महाग आहे. उजनी धरणाच्या गढूळ पाण्यात तिच्या न दिसण्याला फारशी किंमत नाही, असं माझं मत आहे. गळाजवळचा हातभर तुकडा घासायला टिकावा म्हणून वापरा, अख्खं रीळ भरू नका.

मग आपल्याकडे काय घ्यायचं? चिलापीसाठी ०.२० ते ०.२५ पुरे. रोहू-कटल्यासाठी ०.३० ते ०.३५. शेवाळात आणि पाणवनस्पतीत बसणाऱ्या मरळीसाठी काठीवर विणलेली दोरी आणि पुढे जाड नायलॉनचा तुकडा, कारण मरळीला दात आहेत. उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं तेव्हा पाण्याखाली घरं, विहिरी, बांध, बाभळी, सगळं गेलं. अशा तळावर गळ टाकणाऱ्याने दर तासाभराने शेवटचा हात-दोन हात दोरी बोटांतून ओढून बघावी. जिथे खरखर लागेल तिथून कापावी आणि गाठ नव्याने मारावी. कंटाळा येतो, मला माहीत आहे. पण आजच्या सगळ्या बोलण्यातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

आता गाठ. दोरीला सरळ ओढलं की भार सगळ्या जाडीवर सारखा पडतो. गाठीत शिरताना ती वळते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला जास्त ताण, आतल्या बाजूला कमी, आणि वरून दुसरा पदर तिला दाबतो. म्हणून ती गाठीत शिरते तिथेच तुटते. वळण जितकं आखूड, तितकं नुकसान जास्त. वाऱ्याने दोरीत आपोआप पडणारी एकेरी गाठ बघा. नायलॉनची ताकद ती जवळपास निम्म्यावर आणते, आणि आपण ती दिसली तरी तसेच गळ टाकत राहतो. चांगल्या गाठीत पदर एकाशेजारी एक बसतात, भार हळूहळू विभागला जातो, आणि ताकद ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत टिकते.

इथे एक आपल्या गावची गोष्ट सांगायला हवी. मागावर तुटलेला धागा जोडायला आपण विणकर गाठ मारतो. ती बारीक असते, फणीतून अडकल्याशिवाय जाते, आणि सुताच्या अंगावरच्या लवेमुळे पक्की धरून बसते. हातात ती इतकी बसलेली असते की गळाच्या दोन दोऱ्या जोडतानाही बोटं तीच मारतात. नायलॉनला लव नाही. ती गाठ तिथे सरकते. ज्या हातांनी आयुष्यभर धागे जोडले त्यांना हे ऐकायला जड जाईल, पण त्याच हातांना नवी गाठ सगळ्यांत लवकर येईल, यात मला शंका नाही.

दोन गाठी शिका, बाकी सोडा. पहिली पालोमार. दोरी दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून घाला, त्या दुहेरी दोरीची सैल एकेरी गाठ मारा, तिच्या टोकाचा फास अख्ख्या गळावरून पलीकडे घ्या, आणि दोन्ही बाजूंनी ओढा. नेढ्यातून दोन पदर जात असल्याने दाब वाटला जातो. विणलेल्या दोरीला हीच. दोन पदर एकमेकांवर चढू देऊ नका, ताकद तिथेच जाते.

दुसरी युनी. दोरी नेढ्यातून काढून मूळ दोरीला समांतर मागे आणा, टोक वळवून फास करा, आणि टोक त्या फासातून दोन्ही पदरांभोवती पाच वेळा गुंडाळा. विणलेली दोरी असेल तर सात-आठ वेळा. टोक ओढून वेटोळी बसवा, मग मूळ दोरी ओढून गाठ नेढ्यापर्यंत सरकवा. हीच गाठ दोन दोऱ्यांवर समोरासमोर मारली की जोड तयार होतो.

दोन्हीत एक गोष्ट समान आहे. ओढण्याआधी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करा आणि सावकाश आवळा. कोरडी गाठ झटक्यात आवळली की घर्षणाने तापते, आणि तापलेलं प्लास्टिक दिसायला तसंच राहून आतून कमजोर होतं. आवळल्यावर टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा.

आणि तपासा. रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा घ्या. दोरीचं एक टोक जाड लाकडी दांड्याला गुंडाळा, हाताला नाही. दुसऱ्या टोकाला गळ बांधून तो काट्याला लावा, डोळ्यांवर चष्मा ठेवा, आणि तुटेपर्यंत ओढा. तुमची नेहमीची गाठ किती किलोला गेली, पालोमार किती किलोला गेली, हे एकदा बघितलं की माझ्या बोलण्याची गरज उरणार नाही. जी गाठ मारणार तिचा आकडा हीच तुमच्या दोरीची खरी ताकद. रिळाचा ब्रेक, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी सुटू देणारी कळ, त्या आकड्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवा.

हे सगळं मी मासा मिळावा एवढ्यासाठीच सांगत नाही. गाठ तुटली की गळ माशाच्या तोंडात राहतो आणि पाच-दहा मीटर दोरी पाण्यात. हिप्परग्याच्या तलावावर आणि उजनीवर हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी उतरतात. त्यांच्या पायात ती अडकते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली ती याच कारणाने: तो पक्ष्यांना आणि माणसांना कापतो आणि कुजत नाही. आपली दोरी त्याच जातीची आहे. कापलेला प्रत्येक तुकडा खिशात घालून घरी न्या आणि बारीक कापूनच कचऱ्यात टाका.

श्रोत्यांतून विचारलंय की विणलेली दोरी थेट रिळाच्या फिरकीला बांधली तर सगळीच्या सगळी जागेवर गोल फिरते, त्याला काय करायचं. ती गुळगुळीत असल्याने घसरते. फिरकीवर आधी दहा-पंधरा मीटर नायलॉन भरा, त्याला समोरासमोर युनी मारून विणलेली दोरी जोडा, आणि भरताना ती ओल्या फडक्यात धरून ताण ठेवा. सैल भरलेली दोरी मोठ्या माशाच्या ओढीने स्वतःच्याच थरांत रुतते.