चूप बसा, पंप ऐकू द्या

श्रोतेहो, नमस्कार. सीताबर्डीत गाडी लावून लग्नाचा बस्ता घ्यायला गेलेला माणूस दर पाच मिनिटांनी दुकानाबाहेर डोकावतो ना, आजचं बोलणं त्याच्यासाठी. विषय आहे चोर स्विच. म्हणजे पेट्रोलच्या पंपाची वीज तोडणारा खटका: तो पाडला की गाडी सुरू होत नाही. चोराला सापडू नये म्हणून लपवलेला, तरी नाव मात्र त्याचंच.

पेट्रोल इंजिनापर्यंत पोचवतो तो टाकीतला विजेवरचा पंप. बहुतेक छोट्या गाड्यांत तो मागच्या सीटखाली असतो. चावी स्टार्टरच्या आधीच्या, ‘ऑन’च्या टप्प्यावर फिरवली, की इंजिन सुरू व्हायच्या आधीच तो दोन सेकंद ‘घूं’ करतो. हे घूं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत पंप इंजिनच हलवतं, तिथं हा उपाय चालत नाही.

आता स्विच टाकायचा कुठं? पंपाच्या जाड वायरवर नाही. रिलेच्या बारीक वायरवर. रिले म्हणजे थोड्या विजेवर चालून पंपाची जास्त वीज चालू-बंद करणारी डबी, तिच्या आत तारेची कॉइल असते. पुन्हा सांगतो, जाड नाही, बारीक. पंप चार-पाच अँपियर, कधी जास्तही ओढतो. रिलेची कॉइल पाव अँपियरही ओढत नाही. रिलेच्या बुडाशी आकडे असतात. ३० आणि ८७ पंपाकडचे, ८५ आणि ८६ कॉइलचे. कॉइलच्या दोनपैकी एक वायर तोडून तिची दोन्ही टोकं स्विचला न्यायची. आधी दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची मायनस काढा, मग बाकीचं. जोडाला डाख द्या, वरून हीट-श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी चढवा. नुसत्या टेपवर भागवू नका. आपल्याकडं पारा ४५च्या वर गेला की टेपचा डिंक पाघळतो आणि जोड उघडा पडतो.

आणि स्विच लपवायचा कुठं? इथं मला माझी फजिती सांगावीच लागेल.

मी तो ड्रायव्हरच्या सीटखाली लावला, खटका मागच्या बाजूला. वाटलं, चोर काय वाकून बघणार आहे! मे महिन्यात उमरेडला लग्न होतं. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. विदर्भात मे महिन्यात भरदुपारी लग्न ठेवणाऱ्यांना मी गेली कितीतरी वर्षं सांगतोय, अरे, गोरज मुहूर्त कशासाठी असतो? पण ऐकतो कोण. तर जुनी अल्टो, पुढं मी आणि आमच्या मातोश्री, मागं आत्या, बायको, बहीण आणि मांडीवर दोन पोट्टे. आत्यानं कुरड्यांचा पत्र्याचा डबा आणलेला. ठेवायला जागा नाही, म्हणून तिनं तो पायानं पुढच्या सीटखाली सरकवला.

दिघोरी नाका सोडला, पाचगावच्या अलीकडं एका खड्ड्यात गाडी आपटली आणि इंजिन बंद. स्टिअरिंग जड, ब्रेक दगडासारखा. कशीबशी बाजूला घेतली. स्टार्टर मारला, इंजिन फिरतं पण पकडत नाही. म्हटलं, आता आधी पंप ऐकायचा. चावी फिरवली. मागून बहीण म्हणते, "एसी लाव ना!" दुसऱ्यांदा फिरवली, तर पोट्टे पाण्याच्या बाटलीवरून भांडायला लागले. राजेहो, वऱ्हाडी कुटुंबाला दोन सेकंद गप्प बसवणं ही गाडी दुरुस्तीतली सगळ्यात अवघड पायरी आहे! शेवटी आत्याच ओरडली, "चूप बसा ना रे, त्याले पंप आयकू द्या!" सगळे गप्प. चावी फिरवली. आणि... काहीच नाही. घूं नाही.

म्हणजे पंपाला वीज जात नाही, एवढं कळलं. फ्यूज काढून पाहिला, शाबूत. रिले काढून हॉर्नच्या जागी बसवला. दोन्ही एकाच जातीचे होते म्हणून. हॉर्न वाजला, म्हणजे रिलेही ठणठणीत. आता तुम्ही म्हणाल, स्विच का नाही पाहिला? कारण तो मी सकाळी स्वतःच्या हातानं चालू केला होता ना! अर्धा तास उन्हात घामाघूम झाल्यावर सीटखाली हात घातला, तर हाताला लागला कुरड्यांचा डबा. खड्ड्यात त्यानं खटका पाडला होता. आत्या म्हणे, "मी त काईच नाई केलं बापा." खटका उचलला, चावी फिरवली, आणि घूं! पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही पोचलो तेव्हा मंगलाष्टकं आटोपली होती आणि वांग्याची भाजी गार झाली होती. कुरड्यांचा मात्र भुगा. आत्या अजूनही माझ्या गाडीत बसली की चावी फिरवायच्या आधी सगळ्यांना चूप करते.

तर चालत्या गाडीत पायाचा, गुडघ्याचा, सामानाचा धक्का लागेल तिथं स्विच नको. आणि गाडी बंद पडली की क्रम असा: आधी घूं ऐका, मग स्विच, मग फ्यूज, मग रिले, मग जोड. स्विच दुसरा. मी तो शेवटी पाहिला.

वेळ संपत आला, दोन गोष्टी घाईनं सांगतो. नवी गाडी वॉरंटीत असेल तर वायर तोडायच्या आधी विचारून घ्या. विम्याच्या हप्त्यात जी चोरीरोधक यंत्राची सूट असते ती पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेनं मान्य केलेल्या यंत्रालाच, या घरगुती स्विचला नाही. आणि डिझेलवाले, तुम्ही थांबा. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली तर ती काढता काढता दिवस जातो, तेव्हा आधी आपल्या मिस्त्रीला भेटा. नमस्कार.