पहाटे सहाचा ट्रम्पेट

(दृश्य: म्युनिक, इंग्लिश गार्डन. लाकडी चिनी मनोरा. लांब टेबलांवर अजून मेणबत्त्या तेवताहेत.)

जुलैचा तिसरा रविवार. सहा वाजायला थोडा अवकाश आहे, पण बागेत पाय ठेवायला जागा नाही. कुणी जुन्या मोलकरणींसारखा पांढरा एप्रन बांधलाय, कुणी चामड्याची अर्धी तुमान चढवलीय. सहा वाजतात. बँड सुरू होतो आणि हजारो माणसं एकदम गिरक्या घ्यायला लागतात.

हा कोखर्लबाल. कोखर्ल म्हणजे इथल्या, बव्हेरिया प्रांताच्या बोलीत स्वयंपाकीण, आणि बाल म्हणजे नाचाचा मेळावा. 1880च्या सुमारास शहरातल्या स्वयंपाकिणी, घरगडी, मुलं सांभाळणाऱ्या पोरी आणि शिपाई उन्हाळ्यातल्या रविवारी पहाटेच इथे नाचायला यायचे. एवढ्या पहाटे का? मालकीणबाईंना न्याहारी वेळेवर लागायची! 1904 मध्ये नीतीचं कारण पुढे करून हा नाच बंद पाडला गेला. तो परत आला 1989 साली, बागेला 200 वर्षं झाली तेव्हा.

(दृश्य: ट्रम्पेटच्या कळांवरची बोटं, अगदी जवळून.)

बिअरच्या तंबूतला ढणढणाट म्हणजेच बव्हेरियाचं संगीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाद्य जरा जवळून पाहावं. आपल्या लग्नाच्या बँडमधल्या ट्रम्पेटच्या कळांखाली दट्ट्या वरखाली होतो. इथल्या ट्रम्पेटमध्ये कळ दाबली की आतली फिरकी पाव फेरा फिरते. नाचाच्या छोट्या बँडमध्ये ट्रम्पेटऐवजी पुष्कळदा त्याचंच भावंडं असलेलं फ्लूगलहॉर्न घेतात, त्याचा आवाज आणखी मऊ. दोघं वादक जोडीनं वाजवतात. पहिला 'ग'वर असला तर दुसरा खाली 'सा'वर. चाल बहुतेक पाठच असते, समोर कागद नाही. ठेका ट्यूबा, म्हणजे खर्ज सुराचं मोठं पितळी वाद्य, धरतो.

खरी परीक्षा आता. त्स्वीफाखर नावाचा नाच!

(दृश्य: फक्त पावलं. आवाज पूर्ण.)

मोजून बघा. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन. मात्रेची लय तीच, पण तीनाचा घास मध्येच दोनाचा होतो. तीनला वॉल्ट्झची पावलं, दोनला झटकन गिरकी. याचं एक जुनं नाव आहे 'ग्राड उंड उनग्राड', म्हणजे सम आणि विषम. त्यातही गंमत अशी, की प्रत्येक चालीत तीन आणि दोन यांची मांडणी वेगळी. चाल ओळखीची नसेल तर जोडीदाराच्या पायावर पाय पडणारच. हालरताऊ आणि ओबरफाल्त्स या भागांत हा नाच खास जोपासला गेला. 2016 मध्ये तो जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आला.

अशा वेळी ट्रम्पेटवाल्यानं सूर लांबवला, की नाचणाऱ्याचा पाय हवेत राहतो. म्हणून सूर आखूड, टोक स्वच्छ, आणि दोनाच्या पहिल्या मात्रेवर जिभेचा नेमका ठोका. श्वासही चालीच्या वळणावरच घ्यायचा, मध्ये नाही. एकट्यानं बसून वाजवताना हे जमल्यासारखं वाटतं. समोर पाय हलायला लागले की कळतं.

(दृश्य: ऊन वर आलंय. टेबलांवर पावाचे तुकडे, विझलेल्या मेणबत्त्या.)

दहा वाजता बँड थांबतो. वादक ट्रम्पेटमध्ये साचलेलं पाणी गवतावर झटकतो आणि वाद्य पेटीत ठेवतो. एप्रनवाल्या बायका टोपल्या उचलून निघतात. आज मात्र घरी कुणी न्याहारीची वाट बघत बसलेलं नाही.