शेरीफसमोर उभं राहून मत: अमेरिकेतल्या सुरुवातीच्या निवडणुका

मंडळी, अमेरिकन लोकशाही म्हटलं की आपल्याकडे लगेच राज्यघटना, फिलाडेल्फिया आणि मोठमोठी भाषणं सुरू होतात. ते सगळं आज बाजूला ठेवू. आज निकाल वाचूया, तेही काउंटी-काउंटीचे (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा), कारण घटनेत काय लिहिलंय ते सगळ्यांना पाठ असतं, पण कोण किती मतांनी पडलं आणि का पडलं हे कळल्याशिवाय राजकारण कळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

1758 साल, तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या व्हर्जिनियातली फ्रेडरिक काउंटी. मतदान 24 जुलैला, विंचेस्टर गावात. विधिमंडळाचं नाव हाऊस ऑफ बर्जेसेस, 1619 पासून चालत आलेलं. प्रत्येक काउंटीतून दोघं निवडून जायचे, म्हणून एका मतदाराला दोन मतं. आता मतदान कसं व्हायचं ते बघा. टेबल मांडलेलं, त्याच्यामागे शेरीफ म्हणजे काउंटीचा मुख्य अधिकारी, शेजारी कारकून, आणि उमेदवार पण तिथेच बसलेले! मतदार पुढे येणार, शेरीफ विचारणार कुणाला, हा सगळ्यांसमोर मोठ्याने नाव घेणार, कारकून त्या उमेदवाराच्या रकान्यात याचं नाव लिहिणार, आणि मत मिळालेला उमेदवार लगेच त्याचे आभार मानणार. म्हणजे गुप्त काहीच नाही. ज्याचं कर्ज तुमच्या डोक्यावर आहे तो समोर खुर्चीत बसलाय आणि तुम्हाला त्याच्यादेखत दुसऱ्याचं नाव घ्यायचंय, करा हिंमत. आणि हे पण कोणाला, तर ठरावीक जमीन असलेल्या गोऱ्या पुरुषांना. जमीन दोन काउंट्यांत असली तर दोन्हीकडे मत. शेतावर राबणारे गुलाम, बायका, भूमिहीन, हे या हिशोबातच नाहीत.

तर त्या दिवशी एक उमेदवार हजरच नव्हता. जॉर्ज वॉशिंग्टन, वय 26, फोर्ट कंबरलंडला फौजेबरोबर. त्याच्या खुर्चीत कर्नल जेम्स वूड बसला आणि त्याच्या वतीने आभार मानत राहिला. गंमत म्हणजे तीन वर्षांपूर्वी याच काउंटीत वॉशिंग्टन दणकून पडला होता. 1755 चा निकाल: ह्यू वेस्ट 271, थॉमस स्वेअरिंजन 270, वॉशिंग्टन 40. चाळीस! आणि 1758 ला तोच वॉशिंग्टन 300 च्या वर गेला, पहिला आला, वेस्ट 199 वर राहिला आणि स्वेअरिंजन, जो आधी 270 वर होता, तो 45 वर. माणसं तीच, काउंटी तीच आणि तीन वर्षांत एवढी उलथापालथ.

मधल्या काळात काय झालं? एक तर तो सरहद्दीवरच्या फौजेचा मुख्य होता, लोकांना त्याची गरज वाटत होती. आणि दुसरं, दारू. त्याच्या माणसांनी मतदारांना सुमारे 160 गॅलन पाजली. रम, रमचा पंच, वाइन, बिअर, थोडी सायडर. लिटरमध्ये धरलं तर सहाशेच्या आसपास, आणि मतदार होते चारशेच्या आत, आता करा हिशोब. बिल एकोणचाळीस पौंडांच्या वर गेलं. निवडणूक जाहीर झाल्यावर खाऊ-पिऊ घालायला कायद्याने बंदी होती, पण कोण विचारतो. नंतर वॉशिंग्टनने वूडला पत्र लिहिलं, त्याचा मतलब असा की विरोधात मत दिलेल्यांनाही सारखंच पाजलं असशील ना, आणि मला भीती एकच, तू हात आखडता तर घेतला नाहीस. आपल्याकडे मतदानाच्या आधी ड्राय डे असतो, तिथे त्याच दिवशी पिंपं फुटायची.

ज्याने हे करायला नकार दिला त्याचं काय झालं? 1777, व्हर्जिनियातलीच ऑरेंज काउंटी, जेम्स मॅडिसन. पुढे ज्याला राज्यघटनेचा जनक म्हणतात तोच. म्हणाला, मत मागताना दारू पाजणं आपल्याला मान्य नाही. पडला. आणि कुणाकडून, तर चार्ल्स पोर्टरकडून, जो स्वतः दारूचा गुत्ता चालवायचा. लाच दिल्याची तक्रार पण झाली, पुरावा नाही म्हणून फेटाळली गेली.

मॅडिसन शिकला मात्र. 1789 ला पहिल्या काँग्रेसची म्हणजे तिथल्या संसदेची निवडणूक, नव्या राज्यघटनेला विरोध करणाऱ्या पॅट्रिक हेन्रीच्या गटाने मतदारसंघ असा आखला की मॅडिसनला जड जावं, आणि समोर उभा केला जेम्स मन्रो. दोघं मित्र, एकत्र प्रवास करत सभा घेत फिरले, कडाक्याच्या थंडीत एका चर्चबाहेर वाद घालताघालता नि परत येताना मॅडिसनचं नाक गारठून जखमी झालं, तो व्रण तो नंतर कौतुकाने दाखवायचा. निकाल: मॅडिसन 1308, मन्रो 972. पण खरी मजा काउंटीच्या आकड्यात. मॅडिसनच्या घरच्या ऑरेंज काउंटीत 216 विरुद्ध 9. मला ते नऊ जण भारी वाटतात. मोठ्याने बोलून मत द्यायचं असताना अख्ख्या गावासमोर मन्रोचं नाव घेतलं म्हणजे बघा.

हे आकडे आपल्याला मिळतात कसे, तर सहजासहजी नाही. तेव्हा सगळे निकाल एका जागी ठेवणारं केंद्रीय ऑफिसच नव्हतं, स्थानिक वर्तमानपत्रांत चार ओळी छापून आल्या तर आल्या. फिलिप लॅम्पी नावाच्या माणसाने कित्येक वर्षं जुन्या पेपरांतून हाताने उतरवून घेतलं, 1787 ते 1825 पर्यंतचे निकाल, गावागावांचे. आज ते सगळं फुकट ऑनलाइन बघता येतं.

आणि न्यू जर्सी राहिलं, ते तर सगळ्यात वेगळं. तिथल्या 1776 च्या घटनेत मतदार म्हणजे पन्नास पौंडांची मालमत्ता असलेला कोणीही रहिवासी. पुरुषच पाहिजे असं लिहिलंच नाही. 1790 च्या कायद्यात तर स्त्री मतदारांचा स्पष्ट उल्लेख आला. लग्न झालेलीची मालमत्ता नवऱ्याची, त्यामुळे मत देणाऱ्या बऱ्याचशा विधवा नाहीतर अविवाहित. 1797 ला एलिझाबेथटाऊनमध्ये 75 बायका विधिमंडळाचा उमेदवार जॉन काँडिक्टला पाडायला मतदानाला आल्या. तो थोडक्यात वाचला.

मग 1807 ला एसेक्स काउंटीत कोर्टाची इमारत नेवार्कला बांधायची की एलिझाबेथटाऊनला यावर मतदान झालं, आणि दोन्ही गावांनी इतकी बोगस मतं टाकली की आकडा खऱ्या मतदारांच्या कितीतरी वर गेला. पुरुष बायकांचे कपडे घालून परत परत मतं देऊन गेले अशा गोष्टी सांगितल्या जायच्या. निकाल रद्द झाला. आणि खापर फोडलं बायकांवर आणि काळ्या मतदारांवर, दोघांचंही मत त्याच वर्षी काढून घेतलं. बिल आणणारा कोण? तोच जॉन काँडिक्ट. पण हा नुसता दहा वर्षांचा डूख असं मी म्हणणार नाही. बायकांची मतं विरोधी फेडरलिस्ट पक्षाला जास्त जातात असा त्याच्या रिपब्लिकन पक्षात (जेफरसनचा पक्ष, आजचा रिपब्लिकन नव्हे) समज होता, आणि पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती.