बारीक आवाजाचा गाणारा

मंडळी, मघाशी पहिल्या रांगेतल्या एका काकांनी मला विचारलं, "हा प्रतीक कुहाड कोण? कुठल्या सिनेमात गायलाय?" आपल्याकडे गायक म्हटला की पुढचा प्रश्न ठरलेला. सिनेमात तो गायलाय, नाही असं नाही. 2016 च्या 'बार बार देखो'मधलं 'खो गए हम कहाँ' हे त्याचं आणि जसलीन रॉयलचं. पण त्याचं नाव झालं ते सिनेमामुळे नाही, आणि मला आज बोलायचंय ते त्याबद्दलच.

जन्म 1990 चा, जयपूरचा. पुढचं शिक्षण न्यूयॉर्क विद्यापीठात, विषय गणित आणि अर्थशास्त्र. तिथे त्याच्या कानावर एलियट स्मिथ पडला. हा अमेरिकन गायक 2003 मध्ये, चौतिसाव्या वर्षीच गेला. त्याची गाणी ऐकताना वाटतं, शेजारच्या खोलीत कुणीतरी दार लोटून स्वतःशीच गातंय. प्रतीकच्या गाण्यात त्याच्या दोन गोष्टी दिसतात. गिटार खसाखसा वाजवायची नाही. अंगठा जाड तारांवर एका लयीत चालत ठेवायचा आणि बाकीच्या बोटांनी वरच्या तारा एकेक करून छेडायच्या. आणि आवाज चढवायचा नाही. तान नाही, मुरकी नाही, शेवटी टाळ्या घ्यायला लावलेला वरचा सूर नाही.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? अरुण दाते तेच करत होते की! अगदी खरं. 'शुक्रतारा' 1962 मध्ये आकाशवाणीवर वाजलं आणि सिनेमाचा टेकू न घेता घराघरांत गेलं. पण त्या गाण्यामागे माणसं किती ते बघा. शब्द पाडगावकरांचे, चाल खळेकाकांची, गायला दाते आणि सोबत सुधा मल्होत्रा. इथे कवी, संगीतकार, गायक, सगळा एकच इसम. त्याचा तोटाही होतो. पाडगावकरांच्या ओळीची घोटीव घडण इथे सापडत नाही. हिंदी गाण्यांत 'दिल', 'रात', 'पास' असे मोजकेच शब्द फिरून फिरून येतात. चालीच्या मानाने शब्दांचं अंग उणं, असं माझं मत. माझ्या भाचीला ते मुळीच मान्य नाही. ती म्हणते, "मामा, आम्ही असंच बोलतो." यावर मला काही सुचलं नाही.

2013 मध्ये 'रात राज़ी', 2015 मध्ये 'इन टोकन्स अँड चार्म्स' हा इंग्रजी अल्बम. मग 2018 ला 'कोल्ड/मेस', अवघी सहा गाणी. त्याच नावाच्या गाण्याच्या व्हिडिओत जिम सर्भ आणि झोया हुसेन आहेत; एकमेकांशिवाय राहवत नाही आणि एकमेकांबरोबर जमत नाही, असं जोडपं. पुढच्या वर्षी, डिसेंबर 2019 मध्ये, बराक ओबामांनी आपल्या आवडत्या गाण्यांची यादी जाहीर केली. त्यात बियॉन्से, ब्रूस स्प्रिंगस्टीन, आणि त्यांच्या पंगतीला हा जयपूरचा मुलगा! वर्षभरानंतर इलेक्ट्रा या अमेरिकन कंपनीने त्याच्याशी करार केला. 2022 चा अल्बम त्यानंतरचा. वर्तमानपत्रांनी ओबामांपासून गोष्ट सुरू केली, पण पोरांनी 'कोल्ड/मेस' आधीच पाठ केलं होतं.

त्याच्या 'कसूर' या गाण्याचा व्हिडिओ मात्र सावकाश बघा. जुलै 2020, सगळे घरात कोंडलेले. त्या व्हिडिओत नाच नाही, बर्फाचे डोंगर नाहीत. आपापल्या घरात कॅमेऱ्यासमोर बसलेली माणसं आणि त्यांचे चेहरे, बस्स. कुणी हसू दाबतंय, कुणाची नजर खाली जाते. त्या दिवसांत आपणही दुसऱ्याचा चेहरा असाच, हाताएवढ्या पडद्यावर बघत होतो.

दोन वर्षांमागे भाचीने मला पुण्यात त्याच्या कार्यक्रमाला नेलं. मैदानभर माणसं, पायाखाली धूळ, माझ्याएवढ्या वयाचे आम्ही तिघे-चौघेच असू. त्याने गिटारवर पहिले चार सूर वाजवले आणि सगळं मैदान गायला लागलं. शब्द न् शब्द, श्वास घ्यायच्या जागांसकट. ज्याचा हळू आवाज ऐकायला गेलो होतो, तो आवाज मला शेवटपर्यंत धड ऐकूच आला नाही.

म्हणून आज गाणं इथे लावतो. कुणीतरी जरा ते पंखे बंद करा. पाच मिनिटं उकडेल, पण चालवून घ्या.