बिनछपराची फोर्ड : एल मिराजच्या तळ्यावर एक सकाळ

(अंधार. लांबून दोन पिवळे दिवे हलत जवळ येतात.)

पहाटेचे पावणेपाच वाजलेत. हे कॅलिफोर्नियातलं मोहावी वाळवंट, लॉस एंजेलिसपासून गाडीने दोनेक तासांवर, आणि समोर जे सपाट काळं दिसतंय ना ते तळं आहे. एल मिराज ड्राय लेक, इथे गाड्या सोडून त्यांचा वेग मोजतात. तळं नुसतं नावाला, हिवाळ्यात पाऊस झालाच तर बोटभर पाणी साचतं आणि वारा ते पाणी इकडून तिकडे लोटत राहतो, त्यानेच तळ असा घोटून सपाट होतो. आता उजाडेल तसं जमिनीकडे बघा, आपल्याकडे मे महिन्यात गावतळं आटल्यावर माती कशी खपल्या-खपल्यांची होते, अगदी तशी.

ते दोन दिवे आले बघा जवळ. ही 1929 ची फोर्ड मॉडेल ए रोडस्टर. छप्पर नाही, दाराला काचा नाहीत, मडगार्ड काढून टाकलेली, पुढची काच खाली आडवी केलेली. आणि चालवणारे सत्तरी ओलांडलेले एक रिटायर्ड मशिनिस्ट. आम्ही शूटिंगवाले त्यांना काकाच म्हणतो, एकदा अर्थ समजावून सांगितला तेव्हापासून तेही हाक मारली की ओ देतात. मागून पिकअपमध्ये त्यांचा मुलगा, त्यात हेल्मेट, आगीचा सूट, पाण्याचे कॅन आणि पान्यांची पेटी. गाडी मात्र काकांनी घरापासून स्वतः चालवत आणली, रात्रीच्या थंडीत, उघड्या गाडीत, तोंडाला मफलर गुंडाळून.

(जुने कृष्णधवल फोटो)

आता जरा मागे जाऊ. 1932 साली फोर्डने व्ही-एट इंजिन काढलं, 65 हॉर्सपॉवरचं. आठ सिलिंडर म्हणजे तोवर पैसेवाल्यांचं काम, आणि ही रोडस्टर नवी कोरी 500 डॉलरच्या आत मिळायची. काही वर्षांत त्या गाड्या जुन्या झाल्या, भंगारात आल्या आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हातात पडल्या. रोडस्टरच का, तर सगळ्यात हलकी आणि सगळ्यात स्वस्त तीच. पावसात भिजायचं, थंडीत कुडकुडायचं, घरच्या लोकांना असली गाडी नकोच असायची, म्हणून पोरांना परवडायची. त्यातनं पण मडगार्ड काढ, बोनेट काढ, काच काढ, जेवढं वजन कमी तेवढा वेग फुकटात. मग शनिवारी रात्री निघायचं आणि मुरॉक नाहीतर रोझामंडच्या कोरड्या तळ्यावर जाऊन गाडी सोडायची. 1937 मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, घड्याळं लावून रीतसर वेग मोजायला लागले. आज सकाळी तळ्यावर जी संस्था वेळ मोजतेय ना, तीच ही.

हा जो फोटो आहे तो नीट बघा, कारण काका याच्याचसाठी इथे आलेत. व्हिक एडलब्रॉक. लॉस एंजेलिसमधला गॅरेजवाला माणूस, 1932 ची रोडस्टर, स्वतः बनवून घेतलेलं इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा-पेट्रोल सिलिंडरांपर्यंत नेणारा नळ्यांचा भाग, त्यावर दोन कार्बोरेटर. 1941 च्या नोव्हेंबरमध्ये रोझामंडच्या तळ्यावर या माणसाने ताशी 121 मैल काढले. म्हणजे साधारण 195 किलोमीटर, 1941 मध्ये, रोजच्या वापरातल्या गाडीत! काकांचं म्हणणं एवढंच, जुन्या पद्धतीने, जुन्याच पार्टांनी, गाडी रस्त्यावरून चालवत नेऊन हा 121 चा आकडा गाठायचा. सहा वर्षं झाली ते याच्या मागे आहेत.

(गॅरेज. ट्यूबलाइट. इंजिनावर वाकलेली पाठ.)

हे सगळं शूटिंग फेब्रुवारी ते एप्रिलचं. आम्ही दर शनिवारी जायचो, आणि खरं सांगायचं तर या गॅरेजमधले शॉट काढून टाकायचे जिवावर आलं, त्यामुळे हा भाग जरा लांबलाय.

खालची चासी 1932 ची आहे, वरची बॉडी 1929 ची. हे लग्न पोरांनी युद्धाच्या आधीच लावलं होतं, कारण 32 च्या चासीला बाजूने एक सुंदर वळणदार रेघ दाबलेली असते, ती झाकायची गरजच पडत नाही, आणि 29 ची बॉडी अजून छोटी, अजून हलकी. बॉडी चासीच्या वर तशीच ठेवली की हायबॉय, कापून चासीवरून खाली उतरवली की लोबॉय. काकांची हायबॉय. ओहायोमध्ये आता नवीन स्टीलची बॉडी तयार मिळते, फायबरची तर कुठेही मिळते, पण काकांना जुनाच पत्रा पाहिजे होता. डाव्या दाराखाली हातभर पत्रा गंजून गेला होता, तो कापला, नवीन तुकडा जोडला, आणि मग आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडी, हळू, अगदी हळू, दर चार ठोक्यांनी तळहात फिरवून बघायचं. हा शॉट बघा. डोळे मिटलेत त्यांनी. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा हाताला लागतो म्हणाले.

इंजिन फ्लॅटहेड व्ही-एट, 1946 चं, 239 क्यूबिक इंच म्हणजे 3.9 लिटर, कंपनीतून निघताना 100 हॉर्सपॉवर. फ्लॅटहेड का म्हणतात, तर याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, खाली ब्लॉकमध्येच असतात, वरचं हेड म्हणजे नुसतं चपटं झाकण आणि त्यात प्लग. दिसायला काय देखणं दिसतं! पण एक दुखणं आहे याला, जळलेला गॅस बाहेर काढायच्या वाटा ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या मधून जातात, त्यामुळे पाणी तापतं, फार तापतं. फ्लॅटहेडवाला माणूस ओळखायचा असेल तर त्याची नजर बघा, रस्त्यावर कमी आणि टेंपरेचरच्या काट्यावर जास्त.

आता हा क्लोजअप. एका हेडला 24 नट. मधून सुरुवात करायची आणि बाहेर बाहेर जायचं, आळीपाळीने, आणि एकदम आवळायचं नाही, तीन फेऱ्यांत आवळायचं. मग इंजिन चालू करून तापवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, परत पहिल्या नटपासून. दोन हेड आहेत, म्हणजे 48 नट गुणिले जेवढ्या फेऱ्या तेवढं. आम्ही विचारलं कंटाळा येत नाही का, तर त्यांना प्रश्नच कळला नाही.

वर दोन स्ट्रॉमबर्ग 97 कार्बोरेटर. यातला 97 म्हणजे गळ्याचं माप, 0.97 इंच. आणि ब्रेक मात्र 1939 च्या फोर्डचे हायड्रॉलिक, कारण 32 ला रॉडवर चालणारे ब्रेक होते, आणि ते बदलायची रीतही त्या काळातल्या पोरांचीच.

(पोमोना. चकचकीत गाड्या, दोरखंड.)

हे जानेवारीतलं पोमोना, ग्रँड नॅशनल रोडस्टर शो. 1950 मध्ये ओकलंडला सुरू झाला, तेव्हापासून अमेरिकेतली सगळ्यात सुंदर रोडस्टर इथे निवडतात आणि तिच्या नावाची ट्रॉफी माणसापेक्षा उंच असते. 1997 पासून पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या श्रीमंती प्रदर्शनातही हॉट रॉडला, म्हणजे वेगासाठी अशा बदललेल्या जुन्या गाड्यांना, जागा मिळाली, 2014 मध्ये अमेरिकन पोस्टाने 32 च्या फोर्डची तिकिटं काढली. मान मिळाला, मिळायलाच हवा होता, आणि हे रंगकाम बघून आमचा कॅमेरामन अर्धा तास एकाच बोनेटपाशी अडकला होता. पण यातल्या कित्येक गाड्या ट्रेलरवर येतात आणि ट्रेलरवरच जातात, आणि आम्हाला मनापासून वाटतं की ज्या गाडीला वारा लागावा म्हणून छप्परच ठेवलं नाही तिला बंद हॉलमध्ये दोरीमागे ठेवू नये. काका दरवर्षी जातात, हात मागे बांधून बघतात, आणि घरी येऊन गाडी काढतात.

(परत एल मिराज. रांग. ऊन.)

नऊ वाजलेत. रांगेत चाळीसेक गाड्या पुढे. पाण्याचा काटा वर चाललाय म्हणून काकांनी इंजिन बंद केलं आणि आता ते, मुलगा आणि आमचा साउंडवाला तिघं मिळून गाडी ढकलतायत, रांग सरकली की दहा फूट, सरकली की दहा फूट. असं दीड तास. आत जे रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारे लोखंडी दांडे, आणि पट्टे दिसतायत ते नियमाने लागतात, पूर्वी असलं काही नव्हतं, रस्त्यांवरही रेसी लागायच्या, बरीच पोरं गेली, पेपरांनी झोडलं, त्यातूनच 1951 मध्ये वॉली पार्क्सने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन उभी केली. आणि जागाही कमी होत गेली, मुरॉकचं तळं युद्धात लष्कराने घेतलं, तिथेच आजचा एडवर्ड्स हवाई दलाचा तळ आहे, युटामधल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर अशाच गाड्या पळवतात, तिथला मिठाचा थर पातळ होत चाललाय, 2014 आणि 2015 दोन्ही वर्षं तिथला स्पीड वीक, म्हणजे वेग मोजायचा आठवडा, रद्द झाला.

सुटली.

(पन्नास सेकंद निवेदन नाही.)

1.3 मैल. लांब गेल्यावर गाडी दिसत नाही, धुळीची शेपटी तेवढी दिसते, आणि आवाज मागून येतो.

ही वेगाची चिठ्ठी. 118.

मुलगा काही बोलला नाही, काकांनी चिठ्ठी दोनदा घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि बोनेट उघडून डाव्या हेडवर तळहात टेकवला, उजव्या हेडवर टेकवला. उजवीकडून चौथा प्लग काढला, उन्हात धरला, फिरवून बघितला. पांढरट होता. पेट्रोल कमी पडलंय, पुढच्या कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, एक नंबर मोठा टाकायचा, सप्टेंबरच्या आत.

संध्याकाळी परत निघाले ते पण गाडी चालवतच. चाकांवरची माती धुतलेली नाही. आम्ही पिकअपमध्ये मागे होतो, हा शेवटचा शॉट तिथूनच घेतलाय, दोन मिनिटांचा आहे, त्यावर म्युझिक टाकलेलं नाही, आवाज गाडीचाच आहे.