घेऊन जा गे मारबत

राम राम मंडळी!

पोळा तोंडावर आलाय. कोणी घुंगरमाळा घासत असेल, कोणी शिंगांचा रंग आणायला तालुक्याला निघालं असेल, आणि कोणी माळ्यावरून झूल काढून तिच्याकडे बघत कपाळाला हात लावून बसलं असेल. उंदीर मोठा रसिक प्राणी. अख्खी झूल पडलेली असते, पण त्याला आरसे लावलेला तुकडाच कुरतडावासा वाटतो.

तर आज अशाच बारक्या कटकटींविषयी बोलू. मोठ्या संकटांविषयी बोलायला मोठी माणसं आहेत. दार न लागणं, रेंज न मिळणं, गारा म्हणजे चिखल तुडवताना एक चप्पल मागेच राहणं, हे माझ्या आवाक्यातले विषय.

दारापासूनच सुरू करतो. आपली काळी माती कपाशीला चांगली, पण घराला फार खट्याळ. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर उभी असलेली भिंत बिचारी वर्षभर कवायत करते. त्यात पावसाळ्यात लाकूडही फुगतं. त्यामुळे श्रावणात आमचं दार लागत नाही, आणि वैशाखात लागलं तरी खालच्या फटीतून विंचू पाहुणा म्हणून येतो. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं दार पाहिलं, भिंत पाहिली, वाकून जमीन पाहिली. मग म्हणाला, "गुरुजी, दार बराबर हाये. घरच वाकडं हाये तुमचं." आणि येण्याजाण्याचे पैसे घेऊन गेला.

मोबाईलचं तर विचारूच नका. आमच्या गावात रेंज येते ती मारुतीच्या पाराच्या एका कोपऱ्यावर. त्यामुळे गावातली सगळी खासगी बोलणी पाराच्या त्या कोपऱ्यावर होतात. कोणाची सोयरीक कुठे अडली, कोणाच्या जावयाला किती हुंडा नको आहे पण गाडी हवी आहे, कोणाचं सोनं सावकाराकडे आहे, हे ऐकायला कान लावावा लागत नाही. उलट ऐकू येऊ नये म्हणून उठून जावं लागतं, आणि उठून कोणी जात नाही. परवा एक गडी त्याच कोपऱ्यावरून बायकोला सांगत होता, "आवो, मी वावरातच हावो, निंदन करून राह्यलो." तेवढ्यात कोणीतरी दर्शनाला आला आणि त्यानं मारुतीची घंटा दणकावली. पलीकडून आवाज आला तो आम्हाला सगळ्यांना ऐकू गेला. "वावरात घंटा कोनं लावली?"

काळीपिवळीत, म्हणजे सवारीच्या जीपमध्ये, बसला असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. "बस, एक सवारी आली का निघतो" हे वाक्य आपल्याकडचे ड्रायव्हर गाडी पूर्ण रिकामी असताना म्हणतात, अर्धी भरल्यावर म्हणतात, आणि मागे दोघं लटकल्यावरही म्हणतात. एकदा माझ्या शेजारी एक म्हातारी आजी मांडीवर कोंबडीचं टोपलं घेऊन बसली होती. ड्रायव्हरनं टोपल्याचे वेगळे पैसे मागितले. आजी म्हणाली, "कोंबडीचे पैसे कायले? ते तं माह्या मांडीवर हाये." तो म्हणाला, "मंग मांडीचे द्या." गाडी खड्ड्यातून उडत होती, पण तालुका येईपर्यंत कोणाची कंबर दुखली नाही.

आता रातच्या लाईनीवर येतो. शेतकरी श्रोत्यांना हे पाठ आहे, पण शहरातून कोणी ऐकत असेल तर सांगतो. विहिरीवरच्या मोटरला लागते थ्री फेज वीज, आणि ती मिळते पाळीनं. काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रातची. हरबऱ्याला पाणी द्यायचे दिवस म्हणजे नेमके थंडीचे. माणूस कानाला मफलर गुंडाळून, एका हातात टॉर्च आणि एका हातात काठी घेऊन वावरात जातो. वाटेत रानडुकरं भेटतात, तीही ड्युटीवर असतात. विहिरीवर पोचून स्टार्टरचं बटण दाबलं की कळतं, फ्यूज उडाला. फ्यूजला तार गुंडाळली की कळतं, लाईन गेली. लाईन येईल म्हणून तुरीच्या ओळीजवळ शेकोटी करून बसलं तर येत नाही. कंटाळून घरी यावं, पाय धुवावे, घोंगडं अंगावर ओढावं, आणि बरोबर त्याच क्षणी डोक्यावरचा बल्ब लागतो. त्या बल्बचा उजेड इतका छद्मी असतो की विचारू नका.

आता एक बघा. त्या मध्यरात्री विहिरीवर एकट्या माणसाला हसू येतं का? मुळीच नाही. तो स्टार्टरच्या सात पिढ्या उद्धारतो. पण सकाळी चहाच्या टपरीवर तोच गडी तीच गोष्ट सांगतो तेव्हा त्याला स्वतःलाच हसू आवरत नाही. रानडुकरं तीच, थंडी तीच. फक्त ऐकायला चार माणसं आहेत, आणि त्यातल्या तिघांचा फ्यूज त्याच रात्री उडालेला आहे. कटकटीला श्रोता मिळाला की तिची गंमत होते, हे माझं जुनं निरीक्षण आहे. म्हणूनच मला घरात बसून एकटं चिडणाऱ्या माणसाची फार काळजी वाटते.

आणि आपल्या विदर्भानं तर या सांगण्याची सणावारातच सोय करून ठेवली आहे. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी गाणी, सुरू होतात. कोणी जुन्या पाठ असलेल्या म्हणतो, कोणी तिथल्या तिथे जुळवतो. सावकारापासून सरपंचापर्यंत कोणाचीही फिरकी घ्यावी, त्या वेळी रागवायची सोय नाही, कारण शेवटी महादेवाचं नाव येतं आणि सगळ्यांना "हर हर महादेव" म्हणावंच लागतं. मागच्या पोळ्यात आमच्या गावच्या पोरांनी ही झडती म्हटली होती:

"पऱ्हाटीले फुलं आले, हरबऱ्याले घाटे,
रातच्या लायनीपायी पायात मोडले काटे,
मोटर म्हने चालते, स्टार्टर म्हने थांब,
भांडन दोघाचं पाह्यत राह्यला लायनीचा खांब!
एक नमन गौरा पारबती, हर बोला, हर हर महादेव!"

फुलं आणि घाटे एका वेळी येत नाहीत, असं एका म्हाताऱ्यानं लगेच सांगितलं. पोरं म्हणाली, "लाईन तरी कुठी वेळेवर येते, आजा?"

दुसऱ्या दिवशी मारबत. पोळ्याला दारात ठेवलेल्या पळसाच्या डहाळ्या पहाटे उचलायच्या आणि ओरडत गावाबाहेर न्यायच्या: "खासी, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मच्छर आणि ढेकणांनाही त्याच गाडीत बसवून द्यायचं. नागपुरात तर काळी आणि पिवळी अशा मारबतींचे मोठे पुतळे निघतात, आणि त्यांच्यासोबत बडगे. ही परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्यानं छळलं त्याचा पुतळा. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी कोणी पुढारी, गळ्यात पाटी अडकवून. ज्याच्यापुढे वर्षभर काही चालत नाही त्याची एक दिवस रस्त्यावरून वरात काढायची आणि संध्याकाळी जाळून मोकळं व्हायचं. माझ्या मते एवढी शहाणी व्यवस्था फार थोड्या मुलखांत असेल. हे थोडं आपल्या मुलखाचं कौतुक झालं, पण करू द्या.

गाडगेबाबा इथलेच, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६चा. त्यांच्या कीर्तनात ते लोकांना साधे साधे प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच काढून घेत. लोक हसत, आणि हसता हसता लक्षात येई की आपण हसतोय ते आपल्यालाच. ही अवघड विद्या. दुसऱ्याच्या चपलेला चिकटलेला गारा पाहून हसणं सोपं असतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो. बोंडअळीनं पऱ्हाटी गेली, भाव पडला, कर्जाचा हप्ता थकला, त्या घरी जाऊन कोणी "हसत राहा भाऊ" म्हणू नये. तो विनोद नाही, निर्लज्जपणा आहे. तिथे जाऊन बसावं, चहा घ्यावा, जमलं तर हातात काही ठेवावं, आणि बँकेत सोबत जावं. मी बोलतोय ते फ्यूजविषयी, दाराविषयी, रेंजविषयी. यातला फरक आपल्या खेड्यातल्या माणसाला बरोबर कळतो. टपरीवर कोणाच्या फ्यूजवर हसायचं आणि कोणाच्या तोंडाकडे पाहून गप्प राहायचं, हे त्याला शिकवावं लागत नाही.

तर यंदा आमच्या पोरांनीही गावात बडग्या काढायचं ठरवलंय. परवा त्यासाठी बैठक झाली. विषय कोणता घ्यायचा? एकानं काळीपिवळीचं नाव काढलं, तर ड्रायव्हर समोरच बसलेला, आणि वर्गणी सगळ्यात जास्त त्याचीच. तो म्हणाला रेंजचा बडग्या करू. त्याला घंटेवाल्या भावानं कडाडून विरोध केला, का ते सगळ्यांना कळत होतं. वीज म्हणावं तर लाईनमन कोणाचा तरी साळा निघाला. शेवटी अध्यक्ष वैतागून म्हणाले, "ज्याचा गावात कोनीच नातेवाईक नाही असा विषय सांगा बाप्पा. मच्छराचा करा!"

मागच्या ओळीतला एक बारका पोरगा उठून म्हणाला, "नाही जमत अध्यक्षसाहेब. त्यायच्या अंगात तं आपल्या सगळ्याइचं रक्त हाये!"

येतो मंडळी. पोळ्याचं आवतण आहेच.